उबुंटूचा सर्व्हर झोपला म्हणून मशीन फॉरमॅट करू नका

उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमवर अपडेट मारताना ‘फेल्ड टू फेच’ (फाइल आणता आली नाही) आलं की कोल्हापुरात राजारामपुरीतल्या डीटीपीवाल्यापासून उद्यमनगरातल्या कारखान्यापर्यंत पहिली शिवी नेटवाल्याला बसते. आधी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर तीच कमांड चालवून बघा. तिथंही अडकलं आणि बाकीच्या साइट नीट उघडत असतील, तर घोळ बहुधा पलीकडं आहे. उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीच्या स्टेटस पानावर नजर टाका.

एकदा इन्स्टॉल झालेलं काही बंद पडत नाही. लिब्रेऑफिसात बिलं करा, प्रिंट काढा.

नवीन पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअर, आजच हवं असेल तर मिरर, म्हणजे त्याच फाइलींची नक्कल ठेवणारा सर्व्हर, बदला. ‘सॉफ्टवेअर अँड अपडेट्स’ उघडा, ‘डाउनलोड फ्रॉम’मध्ये ‘अदर’ घ्या, यादीतला दुसरा सर्व्हर निवडा आणि रीलोड करा. पॅकेजच्या याद्यांवर उबुंटूची डिजिटल सही असते आणि पॅकेज उतरवणारा ‘ॲप्ट’ हा प्रोग्राम ती तपासतो, त्यामुळं यादीतला परदेशातला मिररही बिनधास्त चालतो. सहीचीच तक्रार आली, तर मात्र तपासणी बंद करायचा यूट्यूबवाला उपाय करू नका. कुठल्यातरी साइटवरची डेब (सॉफ्टवेअर इन्स्टॉल करायची) फाइल उतरवणं त्याहून वाईट. ‘हॅश सम मिसमॅच’ (उतरलेली फाइल यादीशी जुळत नाही) आलं तर मिररवर माल भरणं बहुधा अर्ध्यात असतं, तासा-दोन तासांनी परत बघा.

सुरक्षेचे अपडेट मात्र बऱ्याचदा वेगळ्या सर्व्हरवरून येतात. मिरर बदलूनही तेवढीच ओळ अडत असेल, तर थांबायचं. आणि उबुंटूच्या २२.०४ आवृत्तीवरून २४.०४ वर जायचं असलं, तर महिनाअखेरीला, पगारपत्रक तोंडावर असताना सुरुवात करू नका.