हमिंगबर्डचा फीडर: साखर सोपी, धुणं अवघड

हमिंगबर्ड या चिमुकल्या पक्ष्यासाठी बाहेर टांगायचं साखरपाण्याचं भांडं म्हणजे फीडर. आधी त्यातलं पाणी. एक वाटी साधी पांढरी साखर, चार वाट्या पाणी, विरघळेपर्यंत ढवळायचं, गार करून भरायचं. झालं. लाल रंग घालू नका. पक्ष्यांना खेचायला फीडरचे लाल भाग पुरतात. कॅलिफोर्नियातल्या आपल्या मंडळींची एक खोड मात्र जात नाही: 'साखर वाईट, त्यापेक्षा गूळ घालू, नाहीतर मध.' अजिबात नको. गुळातलं आणि ब्राउन शुगरमधलं लोह आपल्याला मानवतं, जेमतेम चार ग्रॅमच्या या पक्ष्याला नाही. मधाच्या पाण्याला बुरशी झपाट्याने धरते. फुलांतल्या मकरंदात मुख्यतः सुक्रोजच असतं, म्हणजे आपली डब्यातली साखर. शुगर-फ्री घालणं म्हणजे तर त्याला उपाशी मारणं.

आता खरं काम: धुणं. बहुतेक लोक इथेच ढिले पडतात, आणि मलाही ते अंगवळणी पडायला वेळ लागला. बाटली विसळून पुन्हा भरली की फीडर धुतला असं वाटतं. पण घाण बाटलीत नसते, चोच जाते त्या भोकांच्या आतल्या बाजूला असते. तळ उघडून उलटा धरा. भोकांच्या कडेला मोहरीहून बारीक काळे ठिपके दिसतील, रबरी रिंगच्या खाचेत बोटाला बुळबुळीत लागेल. ती बुरशी. पाण्यात पांढरट तंतू तरंगताना दिसले किंवा आंबूस वास आला, तर फीडर दोन दिवस आधीच धुवायला हवा होता.

म्हणून विकत घेतानाच बघा, प्रत्येक भाग सुटा होतो का. रंगीत काचेचे, बारीक नळीचे शोभिवंत फीडर कुणी भेट दिले तर शोकेसमध्ये ठेवा. पसरट, बशीसारखा, वरचं झाकण अख्खं निघणारा फीडर सगळ्यात बरा. तो गळतही नाही आणि पाणी भोकांपासून खाली राहत असल्यामुळे मधमाश्यांची तोंडं तिथवर पोचत नाहीत.

पारा ३२ अंशांच्या वर असेल तर दर दोन दिवसांनी, एरवी तीन-चार दिवसांनी पाणी बदला आणि प्रत्येक वेळी धुवा. 'अर्धं उरलंय, वरून भरू' हा हिशेब इथे चालत नाही, उरलेलं ओतून द्या. मुळात भरायचंच कमी. गरम पाणी, बाळाच्या बाटलीचा ब्रश, भोकांसाठी अगदी बारीक ब्रश. काळे ठिपके दिसले तर गॅलनभर (सुमारे पावणेचार लिटर) पाण्यात पाव कप ब्लीच घालून तासभर बुडवा, भरपूर पाण्याने खळखळून धुवा, पूर्ण वाळवा. नुसता चिकटा असेल तर व्हिनेगर पुरतं. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र कधीही करू नका, विषारी वायू निघतो. दोन फीडर ठेवा म्हणजे एक वाळत असताना दुसरा टांगलेला राहतो.

टांगायचा सावलीत. खिडकीपासून एक तर तीन फुटांच्या आत, नाहीतर तीस फुटांपलीकडे. मधल्या अंतरावरून सुसाट निघालेला पक्षी काचेवर आदळतो. मांजराची उडी पोचेल अशा झुडपाजवळ नको. प्रार्थनाकीटकावरही (प्रेइंग मँटिस) लक्ष ठेवा, फीडरवर दबा धरून तो हमिंगबर्ड पकडतो. दिसला तर उचलून लांब सोडा.

मुंग्या अडवायला फीडरच्या वर, टांगायच्या तारेवर पाण्याची छोटी वाटी अडकवा. तारेला तेल किंवा व्हॅसलीन फासायचा सल्ला देणाऱ्यांचं ऐकू नका. पिसांना लागलं तर पक्ष्याला ते काढता येत नाही.

एकच नर सगळ्यांना हुसकावत असेल तर दुसरा फीडर घराच्या पलीकडच्या बाजूला, त्याच्या नजरेआड लावा. झाडांवर कीटकनाशक मारू नका, चिलटं आणि कोळी हे त्यांचं प्रथिन आहे.

फीडर चालू ठेवला तर स्थलांतर थांबतं, हा गैरसमज. अ‍ॅनाज हमिंगबर्ड ही जात तर इथे कॅलिफोर्नियात वर्षभर असते. पाणी गोठण्याइतकी थंडी पडली तर फीडर रात्री घरात घ्या आणि उजाडायच्या आत बाहेर टांगा, रात्रभराच्या उपासानंतर पक्षी पहाटेच येतो.