सायकलवरून पडून सोललेला गुडघा भरतच नव्हता: माझा अनुभव

जुलैत रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या उतारावर, पावसाने वाहून आलेल्या जांभ्या दगडाच्या बारीक लाल खडीवर सायकल घसरली. हाड शाबूत, पण गुडघ्याखाली तळहाताएवढं सालटं निघालं. धनुर्वाताचं इंजेक्शन त्याच दिवशी घेतलं. तरी आठ दिवसांनी जखम ओलीच. रोज पट्टी काढली की नवी खपली तिच्याबरोबर यायची, पुन्हा रक्त.

आईची हळद झाली, दिवसातून दोनदा जंतुनाशक झालं, मग 'वारा लागू दे' म्हणून उघडी ठेवली. कोकणात जुलैत टॉवेल वाळत नाही, गुडघा काय वाळणार! अक्षरशः रडकुंडीला आलो होतो.

डॉक्टरांनी भूल देऊन आत राहिलेले दोन लाल खडे काढले. खरी चूक मात्र कोरड्या पट्टीची होती. जखम भरायला थोडा ओलावा लागतो. मग रोज असं केलं: साबणाने हात धुतले. जुनी पट्टी सलाइनने (निर्जंतुक मिठाच्या पाण्याने) दहा मिनिटं भिजवली, ओढली नाही. सलाइननेच जखम धुतली, फक्त कडेची कातडी टिपली. वर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, त्यावर मेडिकलमध्ये मिळणारी, जखमेला न चिकटणारी पॅराफिनची जाळीदार पट्टी, मग साधा गॉज. गुडघा किंचित वाकवूनच पट्टी गुंडाळायची, नाहीतर जिन्यावर सुटते. जंतुनाशक पूर्ण बंद.

पाचव्या दिवशी कडेने गुलाबी कातडी धरली. लाली पसरली, पू किंवा ताप आला, तर हे करत बसू नका, थेट डॉक्टरांकडे जा.