आयर्लंडमध्ये सायकलसाठी शांत रस्ते कसे शोधायचे

आयर्लंडला सायकल चालवायची ठरली की बहुतेक जण आधी 'रिंग ऑफ केरी'चं, म्हणजे नैर्ऋत्येच्या केरी परगण्यातल्या गोल रस्त्याचं, नाव काढतात. रस्ता देखणा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्याचा मोठा भाग एन ७० आणि एन ७१ या राष्ट्रीय रस्त्यांवरून जातो, आणि उन्हाळ्यात टूर बसची रांग किलार्नीहून किलॉर्ग्लिनच्या दिशेने निघून दिवसभर तिथे फिरत असते. शांतता हवी असेल तर केरी सोडा आणि दक्षिणेकडच्या बेअरा किंवा शीप्स हेड या द्वीपकल्पांकडे वळा. हाच हिशेब देशभर चालतो. नावाजलेल्या रस्त्याच्या आसपास एखादा तितकाच सुंदर आणि जवळपास रिकामा रस्ता सहसा सापडतो. तो शोधायला रस्त्यांचे नंबर वाचता आले पाहिजेत.

नंबर काय सांगतो

'एम' म्हणजे मोटरवे, तिथे सायकलला बंदी. 'एन' म्हणजे राष्ट्रीय रस्ता. यात एन ५१ पासून पुढचे नंबर दुय्यम समजले जातात, पण दुय्यम म्हणजे निवांत नव्हे. उलट हेच जास्त त्रासाचे. एन ७१ सारख्या रस्त्याला बऱ्याच ठिकाणी कडेची पट्टी नसते, झुडपांचं कुंपण थेट डांबराला टेकलेलं असतं, आणि वेगमर्यादा १०० पर्यंत असते. असा रस्ता दोन-तीन किलोमीटर जोडणीपुरता घ्यावा, दिवसाचा आधार म्हणून नाही.

'आर' आणि तीन आकडे म्हणजे प्रादेशिक रस्ता. यात काहीच सरसकट सांगता येत नाही. कॉनेमारातला आर ३४१ सकाळी रिकामा असतो, तर डब्लिन, कॉर्क किंवा गॉलवेच्या जवळचे आर रस्ते कामाला जाण्या-येण्याच्या वेळी भरलेले असतात. शहरापासून २५-३० किलोमीटरच्या आत असाल तर सकाळी साडेसात ते नऊ आणि संध्याकाळी साडेचार ते साडेसहा या वेळा टाळा.

आपल्याला हवा तो 'एल', म्हणजे स्थानिक रस्ता. एलच्या पुढे चार आकडे असतील तर तो सहसा दोन गावं जोडतो. पाच आकडे असतील तर तो बोरीन असू शकतो: जेमतेम एका गाडीच्या रुंदीचा, मधोमध गवत उगवलेला, आणि कधी कधी कुणाच्या तरी गोठ्यापाशी संपणारा. ७ फेब्रुवारी २०२५ पासून ग्रामीण स्थानिक रस्त्यांची सर्वसाधारण वेगमर्यादा ८० वरून ६० वर आणली आहे. गवत उगवलेल्या रस्त्यावर तेवढ्या वेगाने कुणी जातही नाही.

आणखी एक युक्ती. मोटरवे झाल्यावर त्याच्या शेजारचा जुना राष्ट्रीय रस्ता 'आर' झाला. एम ६ शेजारचा आर ४४६, एम ७ शेजारचा आर ४४५, एम ८ शेजारचा आर ६३९ हे त्यातलेच. हे रस्ते रुंद आहेत, बऱ्याच ठिकाणी कडेला पट्टी आहे आणि लांबची वाहतूक मोटरवेवर गेलेली आहे. पाहायला कंटाळवाणे, पण पटकन अंतर कापायला उत्तम.

वाट जोडताना

आधी सरकारी १:५०,००० नकाशांची डिस्कव्हरी मालिका किंवा तसाच तपशील दाखवणारं अ‍ॅप घ्या. मुक्कामाची गावं मांडा आणि त्यांच्यामधले एन रस्ते मनातून खोडून टाका. उरलेल्या जाळ्यातून चार आकडी एल निवडा आणि त्यांना आरच्या लहान तुकड्यांनी जोडा. अ‍ॅपने आपोआप काढलेली वाट जशीच्या तशी स्वीकारू नका. ते जंगलखात्याची खडीची वाट आणि शेतातली खाजगी वाट दोन्हींना 'शांत रस्ता' समजतं. प्रत्येक बारीक रेघ उपग्रहचित्रात मोठी करून पाहा. रेघेच्या टोकाला पत्र्याचं मोठं शेड आणि आवार दिसलं, तर वाट तिथेच संपते.

गेल्टाक्ट म्हणजे आयरिश भाषिक भागात, उदाहरणार्थ डिंगल द्वीपकल्पाच्या पश्चिमेला, गावांच्या पाट्या फक्त आयरिशमध्ये असतात. तिथल्या गावांची आयरिश नावं आदल्या रात्रीच लिहून ठेवा.

अंतराचा अंदाज इथे हमखास फसतो. मोठे घाट कमी, पण १२-१५ टक्क्यांचे आखूड चढ दिवसभर येत राहतात. सामान घेऊन थांबण्यासकट ताशी १५ किलोमीटर धरा. दिवसाला ६०-७० किलोमीटर पुरे झाले. जूनच्या शेवटी पश्चिमेला रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे घाई करण्याचं कारणही नाही.

वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून असतो. म्हणून गोल फेरीत पश्चिमेचा भाग सकाळी, ताजेतवाने असताना उरका आणि परतीला वारा पाठीवर घ्या. सलग लांबचा प्रवास असेल तर दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणं सोयीचं. अटलांटिक किनाऱ्याचा युरोव्हेलो १ हा युरोपातला लांब पल्ल्याचा सायकलमार्गही रॉसलेअरपासून त्या दिशेने करता येतो.

नमुन्याची फेरी: शीप्स हेड

कॉर्क परगण्यातलं हे अरुंद द्वीपकल्प. बॅन्ट्रीहून सुरुवात करा. एन ७१ वरून थोडं नैर्ऋत्येला गेलं की उजवीकडे 'गोट्स पाथ'ची पाटी येते. तिथे वळलात की वाहतूक जवळजवळ संपते. उत्तर किनाऱ्याने जाणाऱ्या या रस्त्याला आडोसा नाही. उजवीकडे बॅन्ट्रीचा उपसागर आणि पलीकडे बेअराचे डोंगर. रस्ता सतत वरखाली होत राहतो, आणि मग डावीकडे वळून ३४५ मीटर उंच सीफिन डोंगराच्या खांद्यावर चढतो. हा शेवटचा चढ खालून दिसतो त्यापेक्षा लांब आहे. हलका गिअर सुरुवातीलाच टाका, अर्ध्या चढावर शोधू नका.

पलीकडे उतारावर किलक्रोहेन गाव आहे. उतारावर वळणांच्या आत खडी साचलेली असते, म्हणून ब्रेक वळणाच्या आधी लावायचा, वळणात नाही. गावात दुकान आणि पब आहे. पाणी आणि खाणं इथेच भरून घ्या. इथून पश्चिमेला टूरीनपर्यंत, म्हणजे रस्त्याच्या टोकापर्यंत, जाऊन यायला आणखी सुमारे २० किलोमीटर लागतात. शेवटच्या भागात रस्ता अरुंद होत जातो, आणि दीपगृह त्याच्याही पुढे पायवाटेवर आहे. सायकलचे क्लीट (पेडलमध्ये अडकणारा तळव्याचा तुकडा) असलेले बूट घालून त्या खडकाळ वाटेवर जाऊ नका.

परतीला किलक्रोहेनहून अहाकिस्ता आणि डरस. दक्षिण किनारा आडोशाचा, झाडीचा आणि वारा पाठीशी. डरसहून बॅन्ट्रीला येताना शेवटी पुन्हा एन ७१ लागतो, तेव्हा मागचा दिवा चालू करा. टूरीन सोडून फेरी साधारण ५० किलोमीटर. आकडा लहान वाटतो, पण वारा असेल तर दिवस पुरतो.

आणखी काही वाटा

बेअरावर ग्लेनगॅरिफहून आर ५७२ ने अ‍ॅड्रिगोल, आणि तिथून आर ५७४ ने हीली पास. १८४७ मध्ये भीषण दुष्काळात दुष्काळी काम म्हणून या रस्त्याची सुरुवात झाली आणि तो पूर्ण व्हायला १९३१ साल उजाडलं. खिंड ३३४ मीटरवर आहे. नागमोडी वळणांमुळे चढ बोचत नाही, लयीत चढता येतो. पलीकडे लॉरा, मग केनमेअर, आणि एन ७१ च्या बोगद्यांतून परत. ही फेरी सुमारे ८५ किलोमीटरची आहे. शेवटचा टप्पा नकोसा वाटला तर लॉरापर्यंत जाऊन त्याच खिंडीतून परत या. आमच्या मते तेच बरं.

कॉनेमारात क्लिफडेनहून बॅलिकॉनीली आणि राउंडस्टोनमार्गे जाऊन 'बॉग रोड'ने परतणं ही ४० किलोमीटरच्या आसपासची जवळपास सपाट फेरी. सपाट म्हणजे गुळगुळीत मात्र नाही. खालची पीटची, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची दलदलीची, जमीन बसते, त्यामुळे डांबराला लाटा आलेल्या असतात, आणि वेगात गेलं की मागच्या बॅगांचे हुक कॅरिअरवरून निसटतात. हुकांवर रबरी पट्टा आवळा.

क्लेअरमधल्या बरेन या चुनखडीच्या भागात किनाऱ्याचा आर ४७७ सकाळी दहाच्या आत करा, नंतर मोहरच्या कड्यांकडे जाणाऱ्या गाड्या सुरू होतात. फॅनोरहून आत जाणाऱ्या कॅहर नदीच्या दरीला तिथले लोक चक्क 'खैबर पास' म्हणतात. कॅरनभोवतीचे एल रस्ते त्याहून निवांत. चुनखडीत पाणी झिरपून जातं, त्यामुळे ओढे जवळजवळ नाहीत. दोन बाटल्या भरूनच निघा.

डब्लिनजवळ विकलोतला मिलिटरी रोड, म्हणजे आर ११५, फक्त कामाच्या दिवशी. शनिवार-रविवारी त्यावरच्या सॅली गॅप खिंडीत निम्मं शहर आलेलं असतं.

मोटारींची धास्तीच असेल तर ग्रीनवे, म्हणजे फक्त सायकल आणि पायी जाणाऱ्यांसाठीचे मार्ग, आहेत: वॉटरफर्ड ते डंगार्व्हन ४६ किलोमीटर, वेस्टपोर्ट ते अ‍ॅकिल ४२, आणि मेनूथ ते क्लूनडारा हा रॉयल कालव्याकाठचा १३० किलोमीटरचा. पहिले दोन जुन्या रेल्वेमार्गावरचे, त्यामुळे चढ सौम्य. रविवारी मात्र लहान मुलं, कुत्री आणि भाड्याच्या सायकली यांची गर्दी असते.

सायकल कशी हवी

इथल्या रस्त्यांवर डांबरात बारीक खडी दाबलेली असते, ती हातांना झिणझिण्या आणते. २५ मिलीमीटरचे टायर विसरा, ३२ घ्या. सत्तर किलोच्या माणसाला त्यात ५५-६० पीएसआय हवा पुरते. सर्वांत हलका गिअर पुढे ३४ आणि मागे ३४ दात, सामान असेल तर त्याहूनही हलका. मडगार्ड पूर्ण लांबीचे हवेत. पाऊस नसला तरी गायींच्या वाटेवर त्यांची किंमत कळते.

रिम ब्रेक असतील तर भिजलेल्या दिवसानंतर रिम पुसा आणि पॅडमध्ये अडकलेले खडे सुईने काढा. न काढल्यास पॅड झपाट्याने झिजतात आणि रिमवर चरे पडतात. भाड्याच्या सायकलीत उजवा ब्रेक पुढचा असतो, आपल्यासारखाच. अमेरिकेतून येणाऱ्यांनी पहिल्या उतारापूर्वी हे हाताला शिकवून घ्यावं.

पाऊस कोकणासारखा कोसळत नाही, पण सारखा येतो. पश्चिमेला काही भागांत वर्षातले सुमारे २२५ दिवस पावसाचे असतात. एप्रिल ते जून त्यातल्या त्यात कोरडे. जाड रेनकोटपेक्षा पातळ, खिशात मावणारं जॅकेट दिवसातून दहा वेळा घालणं-काढणं सोपं पडतं.

रस्त्यावर काय बिघडतं

पंक्चर. कायद्याने १ मार्च ते ३१ ऑगस्ट कुंपणाची झुडपं तोडायला बंदी आहे, रस्त्याच्या सुरक्षिततेसारखे अपवाद वगळता. म्हणून सप्टेंबर लागला की छाटणी सुरू होते आणि ब्लॅकथॉर्न, हॉथॉर्नचे काटे रस्त्यावर पसरतात. कुंपणावर ताज्या तोडीची पांढरी टोकं दिसली की उतरा आणि सायकल उचलून पुढे न्या. पंक्चर झालंच तर ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा. फडकं जिथे अडकेल तिथे काट्याचं टोक आहे. ते काढल्याशिवाय नवी ट्यूब घातली तर तीही दहा मिनिटांत जाते. दोन ट्यूब आणि पॅच सोबत हवेत.

मे-जूनमध्ये सायलेजचा, म्हणजे हिवाळ्यासाठी हिरवा चारा कापून साठवण्याचा, हंगाम असतो. ट्रॅक्टर आणि मागची ट्रॉली मिळून अख्खा रस्ता व्यापतात आणि चालक घाईत असतो. आवाज आला की शेताच्या फाटकात शिरून थांबा. डाव्या वळणावर कुंपणाला चिकटून जाऊ नका. थोडं मध्याकडे राहिलात तर समोरच्याला लवकर दिसता. चालकाने स्टिअरिंगवरून एक बोट उचललं तर तो नमस्कार आहे, आपणही हात करावा.

डोंगरात मेंढ्या अडवायला रस्त्यात लोखंडी दांड्यांच्या जाळ्या असतात. त्या काटकोनात, ब्रेक न लावता, हँडल सरळ धरून ओलांडा. ओल्या दांड्यांवर जरा तिरके गेलात तर पुढचं चाक निसटतं. गायी दोहायला नेत असतील तर थांबा, शेतकरी खूण करेपर्यंत. वाड्यावरचा कुत्रा मागे लागला तर वेग वाढवू नका. उतरून सायकल मध्ये धरून चाला, हद्द संपली की तो परत जातो.

निघण्याआधी

आंतरशहरी गाड्यांत सायकलची जागा थोडी असते आणि ती आधी राखावी लागते. खेड्यातली दुकानं संध्याकाळी लवकर बंद होतात. पेट्रोल पंपावरच्या दुकानात ब्राउन ब्रेड, स्कोन आणि अंड्याचं सँडविच मिळतं. शाकाहारी असाल तर सूप कशाच्या पाण्यात केलंय ते विचारा. अपघात झाला तर ११२. जवळच्या घराचा एअरकोड, म्हणजे सात अक्षर-आकड्यांचा पिनकोड, सांगितला की रुग्णवाहिकेला नेमकी जागा सापडते.

भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांनी एक गोष्ट तपासावी. डोनेगॉल, कॅव्हन, मोनाहन या परगण्यांत छोटे रस्ते न कळत उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत जातात. तिथे चौकी नसते, फक्त वेगाच्या पाट्या किलोमीटरऐवजी मैलांच्या होतात. पण व्हिसा लागतो. आयरिश व्हिसावर 'बीआयव्हीएस' (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) असा शेरा असेल तर अल्पमुदतीच्या भेटीत दोन्हीकडे जाता येतं. तो नसेल तर त्या भागातली वाट आखताना नकाशावर सीमारेषा ठळक करून घ्या आणि तिच्या अलीकडचेच एल रस्ते धरा.