बायबल वाचायला घेताय? या चुका टाळा

ख्रिस्ती श्रद्धा समजून घ्यायची म्हणून बायबल हातात घेणारे बरेच जण महिनाभरात ते मिटून ठेवतात. वाचणाऱ्याची तळमळ खरी असते, पण सुरुवात चुकीच्या पानावरून झालेली असते.

पहिल्या पानापासून ओळीने वाचत जाणं ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. बायबल हा अनेक पुस्तकांचा संग्रह आहे. प्रोटेस्टंट आवृत्तीत ६६ पुस्तकं असतात (येशूच्या आधीच्या काळातला जुना करार ३९, येशू आणि त्याच्या शिष्यांविषयीचा नवा करार २७), तर कॅथलिक आवृत्तीत ७३, म्हणून दोन प्रतींच्या अनुक्रमणिका जुळल्या नाहीत तर घाबरू नका. उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाचे ५० अध्याय गोष्टींच्या ओघात संपतात. दुसऱ्या, निर्गम या पुस्तकाचा पूर्वार्धही सहज वाचून होतो. पण २५ व्या अध्यायापासून निवासमंडपाच्या (देवाच्या उपासनेसाठीच्या तंबूच्या) फळ्या, पडदे आणि कड्यांची मापं सुरू होतात, पाठोपाठ लेवीय या तिसऱ्या पुस्तकातले यज्ञबलींचे नियम येतात आणि वाचन तिथेच थांबतं. ते नियम निरर्थक नाहीत, पण त्यांची संगती लागायला पुढची बरीच कथा ठाऊक असावी लागते.

त्याऐवजी नव्या करारातल्या मार्कच्या शुभवर्तमानापासून, म्हणजे येशूच्या जीवनकथेपासून, सुरुवात करा. अध्याय फक्त १६. सलग वाचलं तर साधारण दोन तास, रोज दोन अध्याय वाचले तर आठ दिवस. १६ व्या अध्यायात आठव्या वचनानंतरचा मजकूर अनेक प्रतींत कंसात किंवा तळटीपेसह दिसेल. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत तो भाग नाही, एवढंच त्याचं कारण. मार्कनंतर लूक (२४ अध्याय) आणि लगेच प्रेषितांची कृत्ये (२८ अध्याय) घ्या. ही दोन्ही एकाच लेखकाची, एकाच कथेचे दोन भाग. मग योहान, त्यानंतर रोमकरांस पत्र. सोबतीला रोज एक स्तोत्र. प्रकटीकरण हे बायबलचं शेवटचं पुस्तक मात्र शेवटीच ठेवा. त्यातली चिन्हं दानीएल, यहेज्केल अशा जुन्या करारातल्या पुस्तकांवर उभी आहेत, ती न वाचता गेलं की जो तो मनाला येईल तो अर्थ काढतो.

दुसरी चूक आता फोनवरून पसरते: एखादं सुटं वचन उचलायचं आणि ते आपल्याला आलेलं थेट आश्वासन समजायचं. यिर्मया २९:११ घ्या. देवाच्या मनात तुमच्याविषयी हिताचेच संकल्प आहेत, असा त्याचा आशय. परीक्षेच्या किंवा मुलाखतीच्या आदल्या दिवशी ते हमखास येतं आणि निकाल मनासारखा लागला नाही की श्रद्धेलाच तडा जातो. प्रत्यक्षात हे बाबेलमध्ये (बॅबिलोनमध्ये) बंदिवान म्हणून नेलेल्या यहुदी लोकांना लिहिलेलं पत्र आहे. त्याच्या आधीचंच वचन सांगतं की सुटका ७० वर्षांनी होईल. पाचव्या-सहाव्या वचनात तर तिथेच घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा असं सांगितलंय. आशा खरी आहे, पण ती दीर्घ वाट पाहणाऱ्यांची आहे. म्हणून कुठलंही वचन आवडलं की आधीची आणि नंतरची दहा-दहा वचनं वाचा आणि बघा: कोण बोलतंय, कुणाशी, कुठल्या प्रसंगी?

मथळ्यांवरही फार भरवसा ठेवू नका. अध्यायांची विभागणी १३ व्या शतकातली, वचनांचे आजचे क्रमांक १६ व्या शतकातले आणि मथळे तर प्रकाशकांनी घातलेले. लूक १५ मध्ये ‘उधळ्या पुत्राचा दाखला’ असा मथळा दिसला की वाचक बापाचा पैसा उधळून परत आलेल्या धाकट्या मुलापाशीच थांबतो. पण अध्यायाची पहिली दोन वचनं पाहा: येशू पापी लोकांच्या पंक्तीला बसतो म्हणून परूशी आणि शास्त्री (त्या काळचे यहुदी धर्मपुढारी) कुरकुर करताहेत. दाखला त्यांना उद्देशून आहे. थोरला मुलगा शेतावरून येतो, भाऊ परतल्याच्या मेजवानीतला वाद्यांचा आवाज ऐकतो आणि रागाने आत जात नाही. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो, विनवणी करतो. थोरला भावाचा उल्लेख ‘हा तुमचा मुलगा’ असा करतो, तर बाप उत्तर देताना ‘हा तुझा भाऊ’ म्हणतो. थोरला आत गेला का, हे लूक सांगतच नाही. ते उत्तर कुरकुरणाऱ्यांनी द्यायचं आहे. हे एकदा दिसलं की दाखल्याचं वजनच बदलतं.

भाषा जड वाटत असेल तर दोन भाषांतरं शेजारी ठेवून वाचा. पुण्याच्या वाचकाला हे अनोळखी नसावं, कारण पंडिता रमाबाईंनी दौंड तालुक्यातल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्यांचं निधन होण्याच्या थोडंच आधी ते काम पुरं झालं होतं. रोजच्या वाचनाला मात्र आजच्या मराठीतली प्रत बरी.

वाचता वाचता चर्चमध्ये जावंसं वाटेल. पुण्यात गुरुवार पेठेतलं पंचहौदचं होली नेम कॅथिड्रल ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ या प्रोटेस्टंट मंडळीचं, तर नाना पेठेत क्वार्टर गेटजवळचं, १७९२ पासूनचं सिटी चर्च कॅथलिक. दोन्हीकडची उपासनेची रीत वेगळी, म्हणून एकाच भेटीवरून मत बनवू नका. कुठल्या भाषेतली उपासना किंवा मिस्सा (कॅथलिकांची उपासना) किती वाजता असते, हे आधी विचारून घ्या. नवख्या माणसाचा गोंधळ बहुधा प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर-द्राक्षारस देण्याच्या विधीच्या वेळी होतो: सगळे उठले म्हणून तोही रांगेत जातो. भाकर आणि द्राक्षारस बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतो आणि कॅथलिक मिस्सामध्ये तो कॅथलिकांसाठीच असतो. तुम्ही जागेवर शांत बसून राहा, कुणाला वावगं वाटत नाही. दानाची थैली समोर आली तरी काही टाकलंच पाहिजे असं नाही.

बाप्तिस्म्याची (ख्रिस्ती होताना घ्यायच्या पाण्याच्या संस्काराची) घाई करू नका आणि कुणाला करूही देऊ नका. कॅथलिक चर्चमध्ये प्रौढांसाठी तयारीचा बराच मोठा काळ ठेवलेला असतो. इतर मंडळ्यांतही जाणते पाळक (धर्मगुरू) आधी शिकवतात, प्रश्न ऐकून घेतात. पैसा, नोकरी किंवा हमखास आजार बरा होण्याचं आमिष कुणी दाखवलं, किंवा प्रार्थनेसाठी रक्कम मागितली, तर तिथून निघा. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ८ मध्ये शिमोन पैसे देऊन पवित्र आत्म्याचं सामर्थ्य मागतो, तेव्हा येशूचा शिष्य पेत्र त्याला किती कडक शब्दांत झिडकारतो ते वाचा. पाळकांना किंवा फादरना भेटायला जाताना खटकलेल्या जागा अध्याय-वचनासकट वहीत लिहून न्या. ‘देव असं का करतो?’ एवढ्यावर बोलणं भरकटतं. ‘मार्क ११ मध्ये येशू अंजिराच्या झाडाला शाप का देतो?’ असं विचारलंत की समोरचा पुस्तक उघडून तुमच्याबरोबर वाचायला बसतो.