पाच फ्लॉप्या, आठ गाठी आणि एक पेनस्टँड

नारायण पेठेत मी १९९४ पासून अठरा वर्षं डीटीपी केलं, म्हणजे छापायचा मजकूर संगणकावर जुळवून द्यायचं काम. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, दिवाळी अंक. प्रत्येक कामाची एक फ्लॉपी, म्हणजे फाइल साठवायची चपटी चौकोनी डिस्क, तिच्यावर बॉलपेनने लिहिलेलं लेबल आणि आठवण राहावी म्हणून गिऱ्हाइकाच्या पेठेचं नाव. मोठा अंक असला की मजकूर तीन-चार फ्लॉप्यांत तोडून प्रेसला जायचा, कारण एकीत १.४४ एमबीच मावायचं. दुकान बंद केलं तेव्हा दोन खोकी घरी आली. ती फेकवली नाहीत म्हणून मी त्यांचे पेनस्टँड करायला लागले. पहिले दोन चिकटवलेले होते, ते उकलले. आता शिवते.

आधी एक काम मात्र टाळू नका: आत काय आहे ते बघा. यूएसबीला लावायचा फ्लॉपी ड्राइव्ह कुणाकडून तरी दोन दिवसांसाठी मागून आणा. त्याआधी पत्र्याचं झाकण बोटाने सरकवून आतली फिल्म, म्हणजे जिच्यावर मजकूर साठतो ती गोल चकती, उजेडात धरा. पुण्याच्या पावसाळ्यात कपाटातल्या फ्लॉप्यांना बुरशी धरते, फिल्मवर पांढरे ठिपके किंवा जाळी दिसते. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका. मी एकदा घाईत घातली. तिची घाण ड्राइव्हच्या हेडला, म्हणजे फिल्म वाचणाऱ्या भागाला चिकटली आणि पाठोपाठ घातलेल्या चांगल्या फ्लॉपीवर गोल ओरखडा उठला. त्या दुसऱ्या फ्लॉपीत एका दिवाळी अंकाचा अख्खा कवितांचा विभाग होता. तो गेला, याची रुखरुख आजही आहे.

फाइल उघडली आणि मराठीऐवजी अगम्य चिन्हं दिसली तर घाबरू नका. ते युनिकोडच्या, म्हणजे आजच्या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या आधीचे फॉन्ट. तोच जुना फॉन्ट टाकला की मजकूर पुन्हा वाचता येतो, म्हणून फॉन्टच्या फ्लॉप्या शेवटपर्यंत राखून ठेवा.

आता स्टँड. साडेतीन इंची फ्लॉपी ९० मिमी रुंद, ९४ मिमी लांब आणि ३.३ मिमी जाड असते. चार भिंती आणि एक तळ, अशा पाच घ्या. भिंतींसाठी ज्यांचं लेबल तुम्हाला रोज वाचायला आवडेल त्याच निवडा. नवी कोरी लेबलं लावलीत तर तो नुसता प्लास्टिकचा डबा होईल. बॉलपेनचं अक्षर टिकतं, स्केचपेनचं फुटतं. त्यामुळे लेबलावर पातळ फेविकॉल वगैरे काही फिरवू नका.

१.४४ एमबीच्या फ्लॉपीला लेबलाच्या टोकाकडे दोन्ही कोपऱ्यांत चौकोनी भोकं असतात. एका भोकात सरकती पट्टी असते, ती सरकवून भोक मोकळं करा. ही दोन भोकं आयती मिळाली. झाकणाच्या टोकाकडची दोन आपल्याला पाडायची आहेत. आतली फिल्म गोल असते, साधारण ८६ मिमी व्यासाची, त्यामुळे चारही कोपरे रिकामे असतात आणि तिथे भोक पाडलं तरी फिल्मला धक्का लागत नाही. पण झाकणाची बारीक स्प्रिंग तिथेच जवळ बसलेली असते. म्हणून झाकण आधी हलक्या हाताने ओढून काढा. फ्लॉपी फडक्यात धरूनच हे करा, स्प्रिंग उडून डोळ्याकडे येते. स्प्रिंग बाजूला ठेवा, झाकण नंतर अ‍ॅरल्डाइटच्या दोन थेंबांनी परत बसवता येतं. फेविक्विक इथे नको, काळ्या प्लास्टिकवर त्याची पांढरी वाफ धरते.

भोकासाठी हातड्रिल आणि दोन मिलिमीटरचं बिट वापरा. बोहरी आळीत सुटं बिट मिळतं. तापलेली सुई खुपसायचा सोपा मार्ग बरेच जण सांगतात. तसं करू नका. प्लास्टिकचा धूर छातीत जातो आणि भोकाच्या कडेला गोळा होतो. कडेपासून पाचेक मिलिमीटर आत खूण करा, खाली लाकडी पाट ठेवा, सावकाश फिरवा. एकूण दहा भोकं.

दोरा गोधडीचा, जाड, मेणबत्तीवरून दोनदा ओढलेला. चार भिंती उभ्या करून, लेबलं बाहेर आणि अक्षर सरळ ठेवून, वरच्या चार कोपऱ्यांत शेजारच्या दोन-दोन फ्लॉप्या बांधा. मग पाचवी फ्लॉपी तळाशी लावा. खालच्या प्रत्येक कोपऱ्यात तीन फ्लॉप्या एकाच गाठीत येतात, दोन भिंती आणि तळ. आधी सगळीकडे सुरगाठच मारा. डबा टेबलावर ठेवून बघा, डुगडुगला तर गाठी सैल करून चौकोन सारखा करा. तळ एका बाजूने ४ मिमी लांब आहे, तो फरक मागच्या बाजूला जाऊ द्या. डबा बसला की एकेक सुरगाठ सोडून निरगाठ मारा आणि दोऱ्याची टोकं आत वळवा.

फ्लॉप्या कमी पडल्या तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात फिरून बघा. सोनीने १९८१ मध्ये आणलेली ही चीज त्यांनी २०११ मध्ये जपानमध्येही विकायची बंद केली, तेव्हा मिळेल ती जुनीच असणार. बाजारात घेतलेल्या फ्लॉपीत कुणाचं काही खासगी दिसलं तर ते उघडत बसू नका. फिल्मवर जोरकस लोहचुंबक फिरवा.

सीडीचं काम वेगळं. कापायची असेल तर पाच मिनिटं गरम पाण्यात ठेवा, मग कात्रीने कापा, नाहीतर तडकून कपच्या उडतात. तुकडे आकाशकंदिलाला आतून लावले की दिव्याचा उजेड भिंतीवर रंगीत पसरतो. हार्डडिस्क उघडायला टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या टोकाचा स्क्रू-ड्रायव्हर लागतो, बहुधा टी ८ मापाचा. आतल्या चकत्या दोऱ्याला टांगल्या तर वाऱ्यावर छान वाजतात. पण लॅपटॉपच्या डिस्कमधली चकती बहुतेक वेळा काचेची असते, तिला हात लावू नका. आतली चुंबकं बोट चिमटतात. घरात कुणाला पेसमेकर असेल तर हा उद्योग घरी करूच नका. सर्किटची पाटी भंगारात किंवा ओल्या-सुक्यात टाकू नका, ई-कचऱ्यात द्या.

आणि एक कळकळीचं सांगणं. फ्लॉपीची तपकिरी फिल्म डोळ्यांसमोर धरून ग्रहण बघायची पद्धत आपल्याकडे होती. ती फिल्म डोळा वाचवत नाही. स्टँड करताना फिल्म काढलीत तर ती मुलांच्या हातात पडू देऊ नका.

माझ्या टेबलावरच्या स्टँडच्या समोरच्या भिंतीवर ‘शनिवार पेठ, पत्रिका, फायनल २’ असं लिहिलंय. त्या घरची मुलगी आता तिच्या लेकीला घेऊन येते, आणि ती चिमुरडी त्यातली पेन्सिल काढायच्या आधी दर वेळी ते झाकण सरकवून बघते. म्हणून त्या भिंतीचं झाकण मी चिकटवलं नाही, स्प्रिंगसकट तसंच ठेवलं. तुमच्याकडे मुलं येत असतील तर तुम्हीही एका भिंतीचं झाकण तसंच ठेवा. भोकं मात्र स्प्रिंग बाहेर काढूनच पाडा, आणि झाल्यावर ती परत आत घाला.