नगरसेवकाचा कार्यअहवाल दारात आला की मी काय तपासते

गुळगुळीत कागदाची पुस्तिका येते. एक पान रोजगाराचं, एक विकासाचं, एक शिक्षणाचं. मी पुण्यात महापालिकेच्या शाळेत 31 वर्षं शिकवलं, म्हणून शिक्षणाचं पान आधी उघडते. आमच्या इमारतीतल्या मुली विचारतात, "बाई, यातलं खरं किती, हे कळायचं कसं?" त्यांच्यासाठी हे लिहितेय.

एक वही घ्या. प्रत्येक दाव्यासमोर आधी एवढंच लिहा : हे काम यांच्या हातात होतं का? चाकणला कारखाना आला, तर एमआयडीसी राज्य सरकारची. ते श्रेय नगरसेवकाच्या खात्यावर मांडू नका. 'प्रभागाची आर्थिक वाढ' टक्क्यांत दिली असेल तर ती ओळ खोडा. अर्थ व सांख्यिकी संचालनालय उत्पन्न काढतं ते जिल्ह्याचं, प्रभागाचं नाही. 'पालिकेचं उत्पन्न वाढवलं' म्हटलं असेल, तर त्यातून जीएसटीपोटी राज्याकडून येणारं अनुदान वजा करा. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, तोही गेला, आणि 2017 पासून तो पैसा राज्याकडून येतो. मिळकतकराची वसुली तेवढी वेगळी बघा.

रोजगाराचं त्यांच्या हातात असतं ते दिसायला लहान, पण घर चालवणारं. पथविक्रेत्यांसाठी 2014 चा कायदा आहे. त्यानुसार शहर फेरीवाला समितीत निदान 40 टक्के जागा विक्रेत्यांच्याच असतात. तुमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवालीला विचारा : प्रमाणपत्र मिळालं का, जागा ठरली का, गाडी उचलली तेव्हा कोण धावून आलं? कचरावेचक ताईंची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था 2008 पासून पालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करते. तो करार सभागृहात आला तेव्हा हे काय बोलले, ते सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात सापडतं. रोजगार मेळाव्याच्या फोटोतली गर्दी मोजू नका; त्यातून नोकरी लागलेली आणि सहा महिन्यांनीही टिकलेली दोन मुलं भेटवायला सांगा.

मग अंदाजपत्रक. त्यात यंदाचा अंदाज, सुधारित अंदाज आणि मागचा प्रत्यक्ष खर्च असे रकाने असतात. घोषणा पहिल्यातून होते, तुम्ही वाचायचा तो प्रत्यक्ष खर्चाचा. शिवाय 'स' यादी मागा, म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेली प्रभागातली कामं. बाकडी, बादल्या आणि कापडी पिशव्यांवर किती गेले आणि शाळेवर किती, ही बेरीज स्वतः करा.

आता शाळा. इथे घाई करू नका. प्रत्येक शाळेला 11 आकडी यू-डायस क्रमांक असतो. तो टाकला की पटसंख्या, शिक्षक, स्वच्छतागृहं इंटरनेटवर दिसतात. पाच वर्षांचा पट ओळीने लिहा. पट घसरला असेल तर लगेच दोष देऊ नका. जवळची वस्ती उठली का, ते आधी बघा. पहिली ते पाचवीला साधारण 30 मुलांमागे एक शिक्षक हवा, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. माझ्या शाळेत एक वर्ष मी दुसरी आणि तिसरी एकत्र घेतली, आणि त्याच वर्षी प्रवेशद्वाराला नवी कमान बसली. पुस्तिकेत कमान होती. म्हणून म्हणते, शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभ्या राहा आणि आयांना विचारा : वर्गाला बाई आहेत का, गणवेश कोणत्या महिन्यात मिळाला, मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी असतं का.

कागद मिळत नसेल तर माहिती अधिकार. अर्जाला 10 रुपये, उत्तराला 30 दिवस. महाराष्ट्रात अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, म्हणून शाळेचा वेगळा करा, 'स' यादीचा वेगळा. उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील.

तारखा मात्र नीट लावा. पुण्यातल्या नगरसेवकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि कारभार प्रशासकांकडे गेला. त्यानंतरचं काम, चांगलं असो की वाईट, त्या नगरसेवकांच्या नावावर धरणं अन्याय होईल.

वही भरली की ती घेऊन त्यांच्या संपर्क कार्यालयात जा. दोघी-तिघी जा, आणि शाळेचं पान आधी उघडा.