बांबूचा मासे पकडण्याचा सापळा विणताना या चुका टाळा

कोकणात मृगाच्या सरींनी ओहोळ वाहते झाले की मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध भातखाचरांकडे चढू लागतात. या चढणीच्या माशांसाठी लावायच्या बांबूच्या सापळ्याचे नाव गावोगाव बदलते. रचना मात्र तीच असते: लांबट टोपली, तोंडाशी आत वळलेले नरसाळे आणि मासे काढण्यासाठी मागे ठेवलेले, घट्ट बांधून घेता येणारे तोंड. सापळा रिकामा निघाला की विणीला बोल लावला जातो, पण दोष बहुधा नरसाळ्यात असतो.

नरसाळ्याच्या कामट्यांची आतली टोके गोल कड्याला बांधून टाकणे, ही नवशिक्याची ठरलेली चूक. ती टोके निमुळती तासून मोकळी सोडावी लागतात, म्हणजे शिरणाऱ्या माशाच्या अंगाने ती बाजूला सरतात आणि तो आत गेल्यावर पुन्हा जवळ येतात. नरसाळे फार आखूडही नको. कोंडलेला मासा भिंतीच्या कडेकडेने फिरतो, त्यामुळे आतले तोंड भिंतींपासून दूर, टोपलीच्या पोटात मधोमध उघडले पाहिजे.

दुसरी चूक बांबूची. कोवळ्या बांबूला भुंगा लवकर लागतो, शिवाय तो वाळताना फार आकसतो. म्हणून साधारण तीन वर्षांचा बांबू घ्यावा आणि कामट्या वाळवूनच विणाव्यात. मी पहिला सापळा ओल्या कामट्यांचा घाईने विणला आणि पडवीत टांगला. आठवड्याने पाहतो तो दोन कामट्यांमधून करंगळी सहज आरपार जात होती. मुऱ्यांसारखे बारीक मासे अडकणार कसे?

तिसरी चूक दिशेची. मासे चढत असताना सापळ्याचे तोंड उताराकडे हवे. पावसाळा सरताना पाणी ओसरते आणि मासे खाली परततात, तेव्हा तेच तोंड चढाकडे फिरवावे. बांधाच्या खांडीत सापळा बसवल्यावर दोन्ही बाजूंच्या फटी दगड आणि गवत-चिखलाने बुजवल्या नाहीत, तर मासा सापळ्याला वळसा घालून जातो. पालापाचोळ्याने विण तुंबली की पाणीही वरून किंवा बाजूने वाट काढते.

सापळा पूर्ण बुडवू नये, वरचा थोडा भाग उघडा राहू द्यावा, कारण आत शिरलेले कासव किंवा पाणदिवड श्वासावाचून मरते. दिवड बिनविषारी असली तरी कडकडून चावते, म्हणून आत न पाहता हात घालू नये. खेकडा हाती आल्यास तो उलटा करून पाहावा: पोटावरची झडप रुंद, गोलसर असेल तर ती मादी, आणि झडपेखाली अंडी किंवा इवली पिल्ले दिसली तर तिला तिथेच सोडावे.

सापळा खुंटीला दोरीने बांधायला विसरू नये. पुरात वाहून गेलेला सापळा कुठेतरी अडकतो आणि बांबू कुजेपर्यंत मासे कोंडून मारत राहतो.